सुट्टी काढली लिहायला, आवरलं कपाट

अर्धंपान:
मंडळी, एक कबुली द्यायचीये. मागच्या आठवड्यात चार दिवस रजा टाकली, साहेबांना सांगितलं घरचं काम आहे, घरी सांगितलं मला कोणी हाक मारायची नाही, आणि दार लावून बसलो. कारण काय तर एक कथा दीड वर्षापासून अडकलीये. कथेतला माणूस जिन्यात उभा आहे. एक पाय वरच्या पायरीवर, हात कठड्यावर, वर जाऊन भावाचं दार वाजवायचं का तसंच खाली उतरायचं हे त्याला कळत नाहीये, कारण ते मला कळत नाहीये. म्हटलं चार दिवसांत याचा सोक्षमोक्ष लावायचाच.

पहिला दिवस. टेबल पुसलं. मग फॉन्ट निवडला, एकात 'क्ष' पोट सुटल्यासारखा दिसत होता, दुसऱ्यात अनुस्वार इतका बारीक की दिसेचना, त्यात पाऊण तास. मग वाटलं माणसाचं नावच चुकलंय, राम नको, मधू पाहिजे. एका फटक्यात सगळीकडे बदललं. तर आरामखुर्चीची आमधूखुर्ची झाली आणि विश्राम नावाचा एक शेजारी होता त्याचा विश्मधू झाला. ते निस्तरण्यात रात्र.

दुसरा दिवस. मागचं कपाट डोळ्यांत खुपत होतं, म्हटलं दहा मिनिटांत धूळ झटकू आणि बसू. तळातून लहानपणीचं एक पुस्तक निघालं, शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं, "हे पुस्तक वाचून झाले. छान आहे. पण कुत्रा मरायला नको होता." खाली तारीख आणि सही, सही पण अशी की जणू चेकवर करतोय. मग काय, खांद्यावर फडकं टाकून तिथेच फरशीवर बसलो आणि दिवे लावायची वेळ होईपर्यंत वाचत राहिलो. कुत्रा याही वेळी मेला.

तिसरा दिवस अभ्यासाचा. जिना लाकडी दाखवावा का दगडी, एवढंच बघायचं होतं. जिन्यावरून लिफ्टवर गेलो, लिफ्टवरून एलिशा ओटिसवर. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो उघड्या लिफ्टवर उंच उभा राहिला आणि वरचा दोर कापायला लावला, लिफ्ट जराशी खाली येऊन जागच्या जागी अडकली, आणि लोकांचा लिफ्टवर विश्वास बसला. फार भारी गोष्ट आहे. माझ्या कथेत लिफ्ट नाही.

चौथा दिवस. अकरा ओळी लिहिल्या. सात खोडल्या.

आणि आता मूळ मुद्दा. कामावर परत गेलो तर पहिल्याच दिवशी एका रटाळ मीटिंगमध्ये, टेबलाखाली फोन धरून, दुसऱ्याच एका कथेचे तीनशे शब्द सहज झाले. असं का होतं? तुमचंही असंच होतं का मलाच काहीतरी झालंय?

उगाचच:
दीड वर्ष एका पायावर उभा आहे म्हणजे पाय सुजले असतील हो त्याचे. बसायला तरी सांगा.

दोनलेकरांचीआई:
चार दिवस!!! दार लावून!!! मी हे वाक्य तीनदा वाचलं.

मला सलग वीस मिनिटं मिळाली तर मी घाबरते, वाटतं मुलं कुठेतरी काहीतरी फोडतायत म्हणून इतकं शांत आहे. त्यामुळे माझं सगळं लिखाण डोक्यात होतं, कपडे वाळत घालताना, इस्त्री करताना, मुलाला वर्गाबाहेर घ्यायला उभी असताना. दोरीवर एक एक चिमटा लावत जाते आणि एक एक वाक्य. शेवटच्या मोज्यापर्यंत आलं की परिच्छेद तयार असतो आणि मग तो उतरवून ठेवेपर्यंत हरवू नये म्हणून तोंडातल्या तोंडात घोकत घरभर फिरते, नवऱ्याला वाटतं मी त्याला बोलतेय.

मध्ये कोणीतरी सुचवलं म्हणून बोलून टाइप करून बघितलं. मी म्हटलं "तो गप्प बसला पूर्णविराम", तर स्क्रीनवर अक्षरशः "तो गप्प बसला पूर्णविराम" उमटलं. आणि मागून धाकटा ओरडला "आई माझा दुसरा मोजा कुठाय", तेही त्यातच आलं. म्हणजे प्रसंग असा झाला की ती त्याला सोडून चाललीये, तो गप्प बसलाय पूर्णविराम, आणि ती विचारते माझा दुसरा मोजा कुठाय. खरं सांगू, मी ते ठेवलं. निघून जाताना माणूस असलंच काहीतरी विचारतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, मला माहीत नाही, कारण मला कधी चार दिवस मिळालेच नाहीत. पण मिळाले तर मीही कपाटच आवरीन असं वाटतंय.

उगाचच:
तो गप्प बसला पूर्णविराम 😂 हे कथेचं नाव ठेवा.

पानकिडा:
धागाकर्ते, तुमच्या मागे मोठी परंपरा आहे, लाजू नका. कोलरिजने १७९७ मध्ये म्हणे झोपेत दोनतीनशे ओळींची आख्खी कविता पाहिली, उठल्या उठल्या कागदावर उतरवायला बसला, आणि तेवढ्यात जवळच्या पोरलॉक गावाहून एक माणूस कसल्यातरी कामासाठी दारात येऊन उभा राहिला. तासाभराहून जास्त वेळ बसला. तो गेल्यावर कोलरिज परत येऊन बघतो तर कविता गायब. जे उरलं, चौपन्न ओळी, ते १८१६ मध्ये छापलं 'कुब्ला खान' म्हणून, आणि ही सगळी हकिगत प्रस्तावनेत घातली. तेव्हापासून इंग्रजीत कामात व्यत्यय आणणाऱ्या माणसाला पोरलॉकचा माणूस म्हणतात.

आता यातली गंमत बघा. ते काम काय होतं ते त्याने सांगितलेलं नाही. त्या माणसाचं नाव नाही. पुष्कळ जणांना संशय आहे की असा कोणी माणूस आलाच नव्हता, कविता पुढे सरकत नव्हती एवढंच. मला विचाराल तर आला असेल, पण यानेच त्याला "बसा हो, घाई काय आहे" म्हणून बसवून ठेवलं असेल. मी स्वतः कुरिअरवाल्याशी वीस मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्यात, फक्त आत जाऊन तो परिच्छेद बघावा लागू नये म्हणून. तो बिचारा सही मागत होता.

अर्धंपान:
@पानकिडा, म्हणजे माझा पोरलॉकचा माणूस लिफ्टमधून आला.

अनुस्वार:
उत्तम धागा. फक्त एक, दोनलेकरांचीआई, 'मोजा' आणि 'मोजे' बरोबर आहे, पण वरचा 'चिमटा' माझ्या मनात आधी वेगळाच आला, कपड्यांचा आहे हे दुसऱ्या वाचनात कळलं. असो.

माझा आजार तुमच्या सगळ्यांपेक्षा जुना. मी एक वाक्य लिहितो आणि शुद्धलेखन तपासायला उठतो. 'आशीर्वाद' मध्ये शी दीर्घ आहे हे मला तिसरीपासून माहीत आहे तरी मी उठतो. कारण कोश उघडला की शेजारचा शब्द दिसतो, मग त्याच्या शेजारचा, मग व्युत्पत्ती, आणि तासाभराने मी 'आ'पासून 'इ'पर्यंत पोचलेला असतो आणि कशासाठी उठलो होतो ते विसरलेलो असतो. संगणकावर तर अजून वाईट. 'दुसऱ्या' लिहिताना काही कीबोर्डांवर तो र आणि य असा जुळतो की 'दुसर्या' होतं, य च्या डोक्यावर रफार चढून बसतो, आणि मला तसा शब्द मागे ठेवून पुढे जाताच येत नाही, चपलेत खडा गेल्यासारखं होतं.

परिणाम असा की माझ्या कादंबरीचा पहिला परिच्छेद गेली नऊ वर्षं निर्दोष आहे. दुसरा नाही. म्हणजे दुसरा परिच्छेदच नाही.

उगाचच:
निर्दोष परिच्छेदाला दंडवत.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, आयडीवरून कळलंच असेल. रात्री अडीच ते चार हा वेळ, वॉर्डात सगळं सुरळीत असेल तर, जगातला सगळ्यात शांत वेळ असतो, फक्त मशीनचे आवाज. त्यात मी लिहिते. म्हणजे लिहायचे. आता त्या वेळात फोन बघते आणि साडेतीनला कळतं की मी कोणाच्यातरी चुलत नणंदेच्या घराच्या पडद्यांचे फोटो बघतेय. मी त्या बाईंना ओळखत नाही.

आपल्यात एक सवय आहे, कोणीतरी थोर लेखकाची एखादी रात्र काढून दाखवायची. काफ्काची ती रात्र, २२ सप्टेंबर १९१२, रात्री दहाला बसला, सकाळी सहाला उठला, एका बैठकीत एक आख्खी कथा, बसून बसून पाय आखडले होते. सगळे ही रात्र सांगतात. पण तोच माणूस विमा संस्थेत आठ ते दोन नोकरी करत होता आणि त्याच्या डायरीत आज काही लिहिलं नाही, आज काही नाही, अशाही नोंदी आहेत. मला त्या नोंदी जास्त आवडतात. त्या एका रात्रीने मला काही मदत झाली नाही, त्या नोंदींनी झाली. मीही आता ड्यूटीच्या वहीमागे तशीच नोंद करते. मंगळवार, काही नाही. बुधवार, पडदे.

दोनलेकरांचीआई:
बुधवार, पडदे 🙈 तुम्ही लिहिताय की हो.

पाठकोरा:
नमस्कार. मी निवृत्त आहे, वय सांगत नाही, पण बोरूने कित्ता गिरवलेल्यांपैकी आहे.

सव्वीस वर्षं मी मधल्या सुट्टीत लिहिलं. ऑफिसातले चुकलेले, रद्द झालेले फॉर्म टाकून देत, त्यांची मागची बाजू कोरी, ते पाठकोरे कागद गोळा करून त्यावर. अर्धा तास मिळे. त्यातली पहिली पाच मिनिटं कालचं वाचण्यात आणि शेवटची दोन पेनाचं टोपण शोधण्यात, उरलेल्या तेवीस मिनिटांत एक पान. कधी त्यापेक्षा जास्त नाही, कमीही क्वचितच. तेव्हा रोज वाटायचं, एकदा निवृत्त होऊ दे, मग बघा.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. चांगलं टेबल घेतलं. कोरे कागद विकत आणले, दोन्ही बाजूंनी कोरे. त्यावर हातच उठत नाही. मागच्या बाजूला "अर्जदाराचे नाव" छापलेलं असलं की कसं, आपण काही मोठं करतोय असं वाटत नसे. शेवटी मागच्या वर्षी नातवाला सांगून त्याच्या प्रिंटरमधून बिघडलेली पानं घेतली. आता जरा बरं आहे.

अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात होता, १८३४ ते १८६७, तेहतीस वर्षं. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे, समोर घड्याळ, दर पाव तासाला अडीचशे शब्द असा स्वतःशी करार. कादंबरी संपली आणि वेळ उरला तर त्याच बैठकीत पुढची सुरू. हे त्याने आत्मचरित्रात सरळ लिहून टाकलं आणि लोक नाराज झाले, म्हणाले हा काय कारकून आहे का. मला तर तो माणूस त्याच वाक्यामुळे आपला वाटला. कारकून होताच की तो, आणि मीही.

अर्धंपान:
पाठकोरा काका, "दोन्ही बाजूंनी कोरे" वाचून अंगावर काटा आला. माझे चार दिवस तसेच होते.

रोज१६६७:
वाचतोय. माझा आयडी कुठून आला ते सांगतो, १९९९ मध्ये अमेरिकेत एकवीस जणांनी मिळून एका महिन्यात कादंबरी लिहायचा खेळ सुरू केला, पुढे तो नोव्हेंबरमध्ये जगभर पसरला, तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे रोजचे १६६७. ती संस्था २०२५ मध्ये बंद झाली पण लोक आपापले अजूनही करतात. मी तीनदा केलंय.

पहिले दहा दिवस मस्त जातात. अकराव्या दिवसापासून माणूस बेइमान होतो. मी नायिकेचं नाव तीन शब्दांचं केलं आणि प्रत्येक वेळी पूर्ण घ्यायला लागलो. मग तिच्या वडलांना ऐकू कमी येतं असं केलं, म्हणजे प्रत्येक संवाद दोनदा. एकोणिसाव्या दिवशी ती मुलाला पाढे शिकवत बसली, सत्तावीसचा पाढा पूर्ण लिहिलाय मी कादंबरीत. आणि तरी सांगतो, त्या पन्नास हजारांत तीनचार पानं अशी आहेत की ती मी एरवी कधीच लिहिली नसती, आणि ती नेमकी पाढ्यांच्या लगेच पुढची आहेत. हात चालू होता म्हणून आली.

तेव्हा धागाकर्त्यांना सल्ला, मधूला जिन्यात पाढे म्हणायला लावा.

अनुस्वार:
सत्तावीसचा नव्हे, 'सत्तावीसाचा'... जाऊ दे. (बघा, हे असं.)

ऑफलाईन:
सगळ्याचं मूळ फोन आहे. नेट बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, प्रश्न मिटला. ग्लोरिया मार्क नावाच्या संशोधक बाई वर्षानुवर्षं मोजतायत, स्क्रीनवर एका गोष्टीवर लक्ष टिकण्याची सरासरी २००४ मध्ये अडीच मिनिटं होती ती आता ४७ सेकंदांवर आलीये. अजून काय पाहिजे.

रात्रपाळी:
@ऑफलाईन, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला होता मी. दर पाच मिनिटांनी दुसऱ्या खोलीत जात होते.

पानकिडा:
आकडा खरा आहे, पण कोलरिजकडे फोन नव्हता. आणि धागाकर्त्यांचा दुसरा दिवस बघा ना, आख्खा दिवस पुस्तकाने खाल्ला, तेही एकदा वाचलेल्या. पुस्तकाने खाल्लेल्या दिवसाला आपण वाया गेला म्हणत नाही, पडद्यांनी खाल्लेल्याला म्हणतो. मला वाटतं फरक इतकाच की पुस्तकातून उठताना आपण कुठून उठलो ते आठवतं.

दोनलेकरांचीआई:
आणि काम, जागा, कागद, सगळं जमल्यावरच लिहिता येतं असंही नाही हो. बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं. शेतात घरात काम करता करता ओव्या रचल्या, मुलाने सोपानदेवांनी त्यातल्या टिपून ठेवल्या म्हणून राहिल्या, आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्या गेल्या १९५१ मध्ये. माझ्या मुलाला मी सांगून ठेवलंय, मी पुटपुटताना दिसले की लिहून घे. तो म्हणाला किती देशील.

ऑफलाईन:
बरं बाबा. फोन निर्दोष. माघार.

शाईचाडाग:
मी सहसा वाचून गप्प बसते, टंकाळा, म्हणजे टाइप करायचा कंटाळा, फार आहे. पण धागाकर्त्यांचा तो पेन्सिलीचा शेरा वाचून राहवलं नाही.

मला लिहायचं वेड एका फाटक्या पुस्तकाने लावलं. मी अकरा वर्षांची, घरात पुस्तकं थोडी, जी होती ती मोठ्या आतेभावंडांकडून उतरत उतरत यायची, कपड्यांसारखी. त्यात हे एक आलं, मुखपृष्ठ गेलेलं, पहिली आठ पानं गेलेली, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. खाकी कव्हर घालून त्यावर कोणीतरी नुसतं "रहस्य" असं लिहिलेलं. गोष्ट एका घड्याळजीची. त्याच्या दुकानातली सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे असतात आणि का ते तो कोणालाच सांगत नाही. गावातले लोक त्याला हसतात पण गाडी चुकू नये म्हणून त्याच्याच दुकानात डोकावून जातात. मी ते आजारी असताना वाचलं, ताप होता, पांघरूण डोक्यावरून घेऊन, आणि वाचता वाचता पान २१२ वर आले. शेवटची ओळ अशी, घड्याळजीने खालचा कंदील बारीक केला आणि मागे वळून पाहिलं तेव्हा दारात

बस. एवढंच. दारात. पुढची पानं नाहीत. शिवणीला नुसते दोरे लोंबत होते.

मला आठवतंय मी पुस्तक झटकून पाहिलं. गादीखाली पाहिलं. आतेभावाला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं की आमच्याकडेही ते असंच आलं होतं. तापात मी दोन दिवस हाच विचार करत होते, दारात कोण. शेवटी गणिताच्या वहीत, चौकटीच्या कागदावर, मीच लिहिलं. चौदा ओळी. दारात त्याचा मेलेला समजलेला भाऊ. मग आठवडाभराने ते पटेना, म्हटलं भाऊ असता तर कंदील बारीक कशाला केला असता. परत लिहिलं, या वेळी दारात पोलीस. मग लहान मुलगी. लग्न झाल्यावर एकदा लिहिलं तेव्हा दारात कोणीच नव्हतं. आई गेली त्या वर्षी लिहिलं ते मी कोणाला दाखवलेलं नाही.

असे आजवर अकरा शेवट झालेत. बाकी कथा लिहिल्या, एकदोन छापूनही आल्या, पण काही सुचेनासं झालं, हात आखडला, की मी परत त्या ओळीवर जाते. पुस्तक मध्ये एका घरबदलात गेलं. ओळ पाठ आहे.

रात्रपाळी:
ताई. मी ड्यूटीवर हे वाचलं आणि दाराकडे बघितलं.

अर्धंपान:
निःशब्द. आणि मी दीड वर्ष दाराच्या अलीकडच्या जिन्यात अडकलोय.

उगाचच:
घड्याळजीच्या दारात मधूच आलेला असणार. दीड वर्षं उशिरा. घड्याळं सात मिनिटं पुढे ठेवून काय उपयोग. (हलके घ्या ताई.)

शाईचाडाग:
@उगाचच, हलकेच घेतलं. वाईट नाहीये.

पाठकोरा:
बाई, आमच्याकडे सामान बांधून यायचं त्या कागदांवर मासिकांची पानं असत. ते उलगडून, तळहाताने सरळ करून मी वाचायचो. सगळ्या गोष्टी मधूनच सुरू आणि मधूनच बंद. एकीत बाई विहिरीकडे निघालीये, दुसऱ्या बाजूला उलटलं तर वेगळाच मजकूर, पिकावरच्या किडीचा. मला बरीच वर्षं वाटायचं की गोष्ट म्हणजे अशीच असते. आजही मला शेवट जमत नाही, संपादकांनी साभार परत करताना दोनदा तसं लिहिलंय. पण मी कधी त्या बाईला विहिरीपर्यंत नेलं नाही. ते सुचलंच नाही. तुम्हाला सुचलं.

रोज१६६७:
काका, आता न्या की.

पाठकोरा:
बघतो. कालचे काही कागद उरलेत.

अर्धंपान:
अपडेट. उगाचच यांचा पहिलाच प्रतिसाद मनावर घेतला आणि मधूला पायरीवर बसवला. नुसतं बसवल्यावर त्याने चप्पल काढली, तळव्याला काय टोचतंय ते बघायला लागला, वरच्या मजल्यावरून कोणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला, तो आवाज त्याने ओळखला, आणि बघता बघता दोनशे शब्द झाले. पहाटे, कामावर निघायच्या आधी, एक मोजा घातलेला आणि दुसरा हातात अशा अवस्थेत. आता अडचण अशी की तो उठत नाहीये.

दोनलेकरांचीआई:
दुसरा मोजा मिळाला म्हणजे!

पानकिडा:
शाईचाडाग ताई, कालपासून एक विचारायचं होतं, खात्री करून मग विचारतोय. त्या घड्याळजीची एक पुतणी असते का? बोलत नाही ती, आणि दुकानातल्या लोलकांना हाताने थांबवत फिरते?

शाईचाडाग:
तुम्हाला कसं माहीत?

शाईचाडाग:
पान ९० च्या आसपास ती पहिल्यांदा येते. हो. लोलक थांबवते. तुम्हाला कसं माहीत??

पानकिडा:
माझ्याकडे आहे ते. माझ्याही प्रतीला मुखपृष्ठ नाही, पहिली पानंही नाहीत, त्यामुळे नाव मलाही सांगता येणार नाही. वडलांच्या ट्रंकेत होतं. काल रात्री माळ्यावर चढून काढलं, घरच्यांनी विचारलं एवढ्या रात्री काय शोधतोयस, म्हटलं घड्याळजी. पण पाठीमागचा पुठ्ठा शाबूत आहे. २१३ आहे. फोटो काढून पाठवू का?

उगाचच:
😳

रात्रपाळी:
मी ब्रेक घेऊन इथे उभी आहे. कोणीतरी काहीतरी बोला.

अर्धंपान:
ताई?

शाईचाडाग:
पुढे किती पानं आहेत?

पानकिडा:
चार. चौथं अर्धंच छापलंय.

शाईचाडाग:
चारच?

पानकिडा:
चारच. मी वाचलेली नाहीत हं परत. लहानपणी वाचली असणार पण आठवत नाही, आणि काल २१२ वर आलो आणि पुस्तक मिटलं. आधी तुम्ही वाचावीत असं वाटलं.

शाईचाडाग:
थांबा जरा.

अनुस्वार:
मी तर म्हणतो पाठवाच. नऊ वर्षं मीही एका ओळीपाशी आहे, मला कोणी पुढची चार पानं देत असेल तर मी शुद्धलेखनही बघणार नाही.

रोज१६६७:
मी म्हणतो नको. अकरा आहेत की त्यांचे.

शाईचाडाग:
पानकिडा, रात्रभर विचार केला. तुम्ही माळ्यावर चढलात, त्याबद्दल काय बोलू. पण आज नका पाठवू. काल तुमचं ते पुतणीचं वाचलं आणि लक्षात आलं की अकराही शेवटांत मी तिला विसरलेच होते. ती कुठे होती त्या वेळी? कंदील बारीक झाला तेव्हा ती दुकानातच असणार ना, लोलकांपाशी. पहाटे उठून बसलेय. बारावा चाललाय.

पानकिडा:
बरं. २१२ वर खूण घालून ठेवतो.